दोन्ही हात पुढे

समन्स घ्यायला प्रतिवादीने नकार दिला तर बेलिफाने काय करावे, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश पाच, नियम सतरामध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. प्रत घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवायची, घर ओळखून दाखवणाऱ्याचे नाव टिपायचे आणि घडला प्रकार न्यायालयाला कळवायचा. समोर आलेले अन्न घ्यायला माणसाने नकार दिला तर काय करावे, याविषयी मात्र संहिता गप्प आहे. माझी सगळी नोकरी पहिल्या प्रश्नात गेली. निवृत्तीनंतरची वर्षे दुसऱ्या प्रश्नात चालली आहेत, आणि त्यातल्या एका नकाराची हकीकत लिहून ठेवावी म्हणून हा लेख.

बेलिफ म्हटला की लोकांना जप्तीचा माणूस आठवतो. जप्तीचे प्रसंग थोडे. बहुतेक काम पायपिटीचे. न्यायालयाचा कागद ज्याच्या नावाचा असेल त्याच्या हातात द्यायचा, सही घ्यायची आणि परत येऊन शपथेवर सांगायचे की दिला. अडचण एवढीच की तो कागद कुणालाच नको असतो. आष्टीच्या बाजारात एका दुकानदाराने मला पाहताच चेहरा पाडून सांगितले, “त्ये तर वारले हो मागल्या महिन्यात.” शेजारचा भाजीवाला भाबडा. तो तिथूनच ओरडला, “आरं वारले कसे? सकाळी तर तूच चहा पाजला मला!” मी मृत इसमास कागद दिला, मृत इसमाने सही केली आणि हसत हसत मलाही चहा विचारला. मी घेतला नाही.

न घेण्याचे कारण आहे. ज्या नाझरांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांची सक्त ताकीद होती : ज्याच्या दारी कागद घेऊन जाल त्याच्या दारचे पाणीसुद्धा घ्यायचे नाही. घेतले तर उद्या उलटतपासणीत वकील विचारील, बेलिफसाहेब, त्या दिवशी आपण माझ्या अशिलाकडे पोहे खाल्ले होते हे खरे आहे काय? ही ताकीद मी शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. भोकरदन तालुक्यातल्या उन्हात केदारखेड्याहून हसनाबादेला जाताना माझ्या पिशवीत माझे पाणी आणि सुमनने फडक्यात बांधून दिलेल्या पोळ्या असत. सुमन म्हणजे माझी पत्नी. ती विचारी, “एवढी गावे हिंडता, कुणी घोटभर पाणी विचारत नाही का हो?”

“विचारतात. मी घेत नाही.”

“मग त्यांना काय वाटत असेल?”

या प्रश्नाचा कायद्याशी संबंध नसल्याने मी कधी उत्तर दिले नाही.

सुमन आजारी पडली तेव्हा जालन्याच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी बरेच दिवस काढले. तेथे दुपारी गुरुद्वाऱ्याचा टेम्पो येई. त्यातून वरण, भाजी आणि पोळ्यांच्या टोपल्या उतरत आणि रुग्णांच्या नातेवाइकांची पंगत बसे. वाढणाऱ्यांत हरजीतकौर नावाच्या एक वयस्क बाई होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना पावती मागितली.

“कसली पावती, बाबूजी?”

“मी रक्कम देतो. आपण पावती द्या. फुकट जेवण्याची मला सवय नाही.”

“पैले खा तर,” त्या म्हणाल्या आणि पोळी घेऊन माझ्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. मी ताट पुढे केले. त्या थांबल्याच. मग शेजारच्याने सांगितले की या लोकांत पोळी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढे करायचे आणि हातात घ्यायची. मी हात पुढे केले नाहीत. बाई हसल्या आणि त्यांनी पोळी ताटाच्या कडेला ठेवली. पुढेही त्यांनी माझ्या ताटातच ठेवली, एकदाही काही न बोलता.

सुमन त्याच व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत वारली.

त्यानंतर घरात बसवेना. त्या पंगतीत आपणही उभे राहावे असे मनाने घेतले, आणि मला जो एकच मार्ग ठाऊक आहे त्या मार्गाने मी गेलो. अर्ज केला. ‘विषय : आपल्या संस्थेत सेवा करण्याची संधी मिळणेबाबत.’ वय, शिक्षण, नोकरीचा अनुभव, सोबत वर्तणुकीचा दाखला. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. तेही गिळले गेले. तेव्हा मी स्वतःच गुरुद्वाऱ्यात गेलो आणि तेथील कारभार पाहणाऱ्या गुरमेलसिंगांसमोर उभा राहिलो. हे लोखंडाचे व्यापारी. तीन पिढ्या जालन्यात गेलेल्या, त्यामुळे बोलणे आपल्यासारखेच.

“माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली?” मी विचारले.

“तुम्हीच का ते!” त्यांनी कपाळाला हात लावला. “बेलीफसाब, तुमचा अर्ज आम्ही सगळ्यांनी वाचला. त्याच्यावर लिहावं काय तेच कळंना. मंजूर लिहावं तर मी कोण मंजूर करणारा? माझ्या घरचं काम हे का?”

“मग नामंजूर लिहायचे.”

“त्ये बी मी कोण लिहिणारा? जोडे तिकडं ठेवा, डोकं झाका अन् बसा कांदे चिरायला.”

मी भयंकर संतापलो होतो. तरी रुमाल डोक्याला बांधला आणि बसलो. कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येत राहिले ते बरेच झाले. कुणी काही विचारले नाही.

पुढे त्यांनी मला जोड्यांची सेवा दिली, म्हणजे आत जाणाऱ्यांची पादत्राणे सांभाळणे आणि पुसून ठेवणे. जप्तीच्या मालाची यादी करण्यात ज्याची हयात गेली त्याने तेथेही क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि सह्या घेण्यास प्रारंभ केला. दारात रांग लागली. हरजीतकौरनी ती रांग पाहिली आणि मला हळूच सांगितले, “बाबूजी, चप्पल है, चोरी का माल नहीं.” सह्या बंद झाल्या. चिठ्ठ्या आजही चालू आहेत आणि त्या उपयुक्त आहेत, हे नमूद करतो.

माझा हात लिहिता आहे हे कळल्यावर बाहेरून येणारी पत्रे माझ्याकडे येऊ लागली. आम्हाला सेवा करायची आहे, कशी मिळेल, असे विचारणारे लोक पुष्कळ असतात. एका महाविद्यालयाने कळवले की विद्यार्थ्यांना सेवेचे प्रमाणपत्र तासांच्या उल्लेखासह मिळावे. एका उद्योजकाने वाढदिवसानिमित्त भांडी घासण्याची इच्छा प्रकट केली आणि तो छायाचित्रकार घेऊन आला. त्याला भांडी मिळाली, छायाचित्रकारालाही मिळाली. एका निवृत्त अधिकाऱ्याला सेवा हवी होती, पण फक्त देखरेखीची. त्याला मी लिहिले की देखरेखीचे पद रिक्त नाही, कांद्याची पाटी रिक्त आहे. तो आला नाही. गुरमेलसिंगांना माझी पत्रे कडक वाटत. “बेलीफसाब, लोक सेवा मागून राह्यले अन् तुम्ही नोटीस धाडता,” ते म्हणत.

काही महिन्यांनी मी टेम्पोबरोबर रुग्णालयात जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्या व्हरांड्यात पाय टाकताना काय झाले ते लिहीत नाही. वाढून झाले की सेवेकरी जेवतात. मी माझी पोळी टोपलीतून स्वतः उचलून घेत असे. कुणी हरकत घेतली नाही.

त्या रुग्णालयात एक पाटी आहे : रुग्णासोबत एका नातेवाइकाने थांबणे बंधनकारक आहे. मी व्यवस्थापनाला लिहिले की ज्याला आपण बंधन घालता त्याच्या जेवण्याखाण्याची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. हे लोक भिंतीला टेकून बिस्किटांवर दिवस काढत आहेत, हे आपल्या निदर्शनास आले आहे काय? उत्तर आले की अर्ज संबंधितांकडे वर्ग केला आहे. संबंधित म्हणजे कोण, असे मी विचारले. उत्तर आले की संबंधित म्हणजे संबंधित विभाग. हा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे. एका धर्माच्या माणसांनी घरचे पीठ मळून जे काम करावे, त्यावर सगळ्यांचे इतके निश्चिंत असणे मला आजही सहन होत नाही.

याच व्हरांड्यात रंगनाथबा भेटले.

हसनाबादचे शेतकरी. बारा एकर मोसंबीची बाग, पांढरे धोतर, ताठ मान. पंगत बसली की ते लांब खांबाला टेकून बघत राहत. जवळ येत नसत. एके दिवशी वाढप संपत आल्यावर ते वरणाच्या बादलीपाशी आले आणि अत्यंत संकोचाने म्हणाले, “साहेब, बोटाला जरा वरण लावून द्या.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. “काय लावून द्या?”

“वरण. बोटाला. घरची हात हुंगती.”

मग त्यांनी सांगितले. त्यांच्या पत्नी गयाबाई आत बायकांच्या कक्षात होत्या. मूत्रपिंडांनी काम सोडत आणले होते आणि दृष्टीही मंदावली होती. लग्न झाल्यापासून बाई नवऱ्याआधी जेवलेल्या नव्हत्या, आणि आता खाटेवरही त्यांनी तो हट्ट सोडला नव्हता. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याला रजा नव्हती. भाऊ मोसंबीच्या तोडीत अडकलेला. गावाकडून एसटीने येणारा डबा बंद पडला होता. हॉटेलातले अन्न रंगनाथबांनी जन्मात खाल्ले नव्हते. चहा-बिस्किटावर भागवून ते आत जात आणि जेवलो म्हणून सांगत.

“दोन रोज पटलं तिला. काल म्हनली, हात आना इकडं. हुंगला. म्हनली, बिस्किटाचा वास येतो, जेवणाचा न्हाई. अन् ताट सारून दिलं. आज बी तसंच. डाक्टर म्हनतो, न्हाई खाल्लं तर औषध द्यायचं कसं?”

“मंग जेवा की बाबा,” गुरमेलसिंग म्हणाले. “बोटालाच कशाला? बसा, पोटभर जेवा.”

“पैसे घेता का?”

“न्हाई घेत.”

“मंग न्हाई जमायचं. सरदारजी, माझ्या दारातून माणूस उपाशी गेला न्हाई कंदी. अन् मी त्या लोकांवानी दोन हात पसरून बसू?”

पंगतीतले लोक पोळीसाठी दोन्ही हात पुढे करताना त्यांनी खांबामागून पाहिले होते. तेवढेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. आणि मला ते पुरते समजत होते, म्हणूनच असेल, माझा राग अनावर झाला.

“आत एका बाईचे औषध तुमच्या जेवणावर अडले आहे,” मी ओरडलो, “आणि तुम्ही वासाची चोरी करायला निघालात? इभ्रत म्हणजे काय, हे असले?”

“तुम्ही कोन?” त्यांनी शांतपणे विचारले.

“निवृत्त बेलिफ.”

“आस्सं. मंग करा जप्ती.”

गुरमेलसिंग खो खो हसले. रंगनाथबांनी हात तसाच धरला होता. त्या हाताकडे पाहताना मला सुचले.

“तुमच्या दारात पंगत बसते तेव्हा तुम्ही काय करता?” मी विचारले.

“वाढतो. आन् काय?”

“मग इथेही वाढा. ही टोपली घ्या. आमच्याकडे माणूस कमी आहे.” माणूस कमी नव्हता, पण हे मी शपथेवर बोलत नव्हतो. “मात्र एक नियम आहे. वाढणाऱ्याला शेवटी जेवूनच जावे लागते. न जेवता जाता येत नाही. ते इथे चालत नाही.”

“कायदाच हे का?”

“कायदाच समजा.”

त्यांनी गुरमेलसिंगांकडे पाहिले. सरदारजींनी गंभीरपणे मान हलवली. “मंग इलाज न्हाई,” रंगनाथबा म्हणाले आणि त्यांनी टोपली उचलली.

मागे राहिलेल्या दोन ओळींना त्यांनी पोळ्या वाढल्या. पहिली पोळी त्यांनी घरच्या सवयीने वरून ताटात टाकली. हरजीतकौरनी लगेच त्यांचा हात अडवला. “ऐसे नहीं, बाबाजी. हाथ में.”

“माणसाला मागाया लावता का?”

“मी बी तसाच घेतो बाबा,” गुरमेलसिंग म्हणाले. “रोज. दोन्ही हात करून. माझी तर फ्याक्टरी हे.”

वाढप झाल्यावर आम्ही खाली बसलो. रंगनाथबांनी भिंतीकडे तोंड केले. बराच वेळ त्यांचे हात मांडीवरच होते. मग ते उचलले गेले, एकाशेजारी एक, ओंजळीपेक्षा थोडे पसरट, आणि हरजीतकौरनी त्यात पोळी ठेवली. कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही. मीही पाहिले नाही म्हणतो, तरी एवढे दिसलेच.

जेवून ते हात न धुताच आत गेले. बाहेर आले तेव्हा मिशीतल्या मिशीत हसत होते. “बराबर वळखलं. म्हनली, मेथीची भाजी होती. तिखट कमी होतं म्हनली. अन् अर्धी वाटी खिचडी खाल्ली.”

त्यानंतर ते रोज आमच्या आधी टेम्पोपाशी उभे असत. टोपली दुसऱ्याला देत नसत. नवा कुणी ताट पुढे करू लागला की सांगत, “हात करा, हात. लाजू नका. मी बी बागायतदार हे.” गयाबाईंची भाजी ओळखण्याची कीर्ती कक्षात पसरली, परिचारिका आम्हाला विचारत, आज काय आहे ते सांगू नका, आजींना ओळखू द्या. एकदा बाईंनी मला आत बोलावून घेतले. अंदाजाने माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “कायदा केला म्हनं तुम्ही यांच्यासाठी. लई बेस केलं. यांना नुसतं सांगून कळत न्हाई.”

नातेवाइकांच्या जेवणाबद्दल मी पुन्हा एक पत्र व्यवस्थापनाला लिहिले. उपयोग झाला नाही.

एका दुपारी रंगनाथबा मधल्या ओळीत वाढत असताना परिचारिका दारात आली आणि तिने त्यांना हाक मारली. हाक मारण्याच्या पद्धतीवरून सगळ्यांना कळले. ते क्षणभर तसेच उभे राहिले. समोर बसलेल्या बाईचे दोन्ही हात पुढे झालेले होते. त्यांनी तिच्या हातांत पोळी ठेवली, मग टोपली माझ्याकडे दिली. “धरा,” म्हणाले, आणि आत गेले.

मी ओळ पुरी केली. दुसरे काय करता आले असते, मला ठाऊक नाही.

नंतर ते बाहेर येऊन नळापाशी उभे राहिले. नळ चालू होता, पण त्यांनी हात त्याखाली धरला नव्हता. मला पाहून म्हणाले, “आज हुंगलाच न्हाई तिनं.” आणि थोड्या वेळाने, “आज जेवलो बी नव्हतो म्हना. वाढून राह्यल्तो.”

पार्थिव गावी नेण्यासाठी वाहन मिळायला संध्याकाळ झाली. त्या विलंबाबद्दल मी जे बोललो ते छापण्याजोगे नाही. जे लिहिले ते तीन ठिकाणी पाठवले आहे. शेवटी गुरमेलसिंगांनी पोळ्यांचा टेम्पो मोकळा केला, धुऊन घेतला, आणि गयाबाई त्यातून हसनाबादला गेल्या.

दिवसकार्य उलटून गेले तरी रंगनाथबांचा काही निरोप आला नाही. हरजीतकौर रोज विचारत, “बाबाजी का क्या हाल?” शेवटी मी एसटीने हसनाबादला गेलो. ते गाव मला माहीत होते. तेथल्या कितीतरी दारांवर मी स्वतःच्या हाताने कागद चिकटवले आहेत. रस्त्याने जाताना एका म्हाताऱ्याने मला ओळखले आणि तो लगबगीने आपल्या घरात शिरला. निवृत्त झालो आहे, असे त्याला ओरडून सांगावेसे वाटले.

रंगनाथबा ओसरीवर बसले होते. गालांची हाडे वर आली होती. “कशाला आल्ते बेलीफसाहेब?” ते म्हणाले. “कागदबिगद न्हाई ना?”

“नाही. सहज आलो.”

त्यांची भावजय आतून पाणी घेऊन आली आणि दबल्या आवाजात मला म्हणाली, “काही खातच न्हाईत हो. ताट ठिवलं की म्हनतेत, तुम्ही समदे जेवा, वाढणारा शेवटी जेवतो, कायदाच हे. अन् समदे जेवले की उठून बागंत निघून जातेत. तुम्हीच सांगा काहीतरी.”

पाण्याचा तांब्या माझ्यासमोर होता. नोकरीतली सगळी वर्षे मी तो अशाच ओसऱ्यांवर परत केला होता. सुमनचा प्रश्न आठवला. मी तांब्या उचलला आणि पाणी प्यालो.

“मला भूक लागली आहे,” मी रंगनाथबांना म्हणालो. “जालन्याहून निघताना काही खाल्ले नाही.” हे खरे होते.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि भाकरीची दुरडी घेऊन आले. भावजयीने माझ्यासमोर ताट मांडले होते, पिठले वाढले होते. मी सवयीने ताट पुढे सरकवले. रंगनाथबा वाकले नाहीत. हातात भाकरी धरून तसेच उभे राहिले.

“हात, बेलीफसाहेब.”

मी दोन्ही हात पुढे केले. वजन फार नव्हते. गरम होती.

ती मी संपवली. त्यांनी आणखी अर्धी दिली, तीही तशीच घेतली. “झाले माझे,” मी म्हणालो. “आता शेवटचा कोण राहिला?”

त्यांनी दुरडी माझ्या हातात दिली, माझ्यासमोर खाली बसले, आणि या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केले नाही.

जेवण झाल्यावर भावजयीने हात धुवायला पाणी आणून ठेवले. ते तसेच राहिले. रंगनाथबा उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. मीही बसलो. पाण्यावर ऊन आले होते, आणि आम्हा दोघांपैकी कुणालाच हात धुवायची घाई नव्हती.